डिफ्युजन एमआरआयचं सॉफ्टवेअर शिकताय? आधी दिशा तपासा

मेंदूच्या स्कॅनवर आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे इंटर्नशिपला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, आपण कुठलं न्यूरल नेटवर्क वापरतो?" मी म्हणते, आधी फाइल उघडून दाखव.

डिफ्युजन एमआरआय म्हणजे ऊतीतलं पाणी कुठल्या दिशेने किती हलतं ते मोजणारा स्कॅन. मेंदूतल्या पांढऱ्या भागात (व्हाइट मॅटर) पाणी मज्जातंतूंच्या लांबीने सहज सरकतं, त्यांना आडवं जाताना अडतं. स्कॅनर एकेका दिशेने ग्रेडियंट लावतो, म्हणजे त्या दिशेने चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त करतो. ज्या दिशेने पाणी जास्त हलतं, तिथे सिग्नल कमी होतो. मोजायची ही युक्ती स्टेजस्कल आणि टॅनर यांची, १९६५ची. १९९४मध्ये बासर, मॅटिएलो आणि ल बिहां यांनी प्रत्येक व्हॉक्सेलला (प्रतिमेतला एक छोटा ठोकळा) सहा आकड्यांचा टेन्सर बसवून दाखवला, म्हणजे पाणी कुठल्या दिशेला किती पसरतं ते सांगणारा मॅट्रिक्स. गणित म्हणाल तर मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि लीस्ट स्क्वेअर्स. इंजिनीअरिंगला झालेलंच असतं, फक्त धूळ झटकायची.

एक हिशोब मात्र हाताने करून ठेवा. बी-व्हॅल्यू (ग्रेडियंटचा जोर सांगणारा आकडा) १००० आणि मेंदूच्या ऊतीतला डिफ्युजन कोएफिशियंट (पाणी किती झपाट्याने पसरतं) ०.०००७ चौरस मिमी प्रति सेकंद धरला, तर सिग्नल साधारण निम्मा उरतो. मेंदूभोवतीच्या द्रवात तोच कोएफिशियंट ०.००३ असतो, तिथे जेमतेम ५ टक्के. तुमच्या कोडमधून हजारपट वेगळं काही आलं, तर एककांत घोळ आहे.

आता फाइल. स्कॅनर डिकॉम फॉरमॅटची फाइल देतो, आपण ती निफ्टी फॉरमॅटमध्ये बदलतो (दलाल स्ट्रीटवरचा निफ्टी नव्हे). सोबत दोन साध्या टेक्स्ट फाइली येतात, बीव्हॅल आणि बीव्हेक. दुसरीत प्रत्येक ग्रेडियंटची दिशा असते. एफएसएल या सॉफ्टवेअरच्या पद्धतीत या दिशा इमेजच्या अक्षांवर लिहिलेल्या असतात, आणि अफाइन मॅट्रिक्सचा (व्हॉक्सेलची प्रत्यक्ष जागा सांगणारा) डिटरमिनंट धन असेल तर एक्सचं चिन्ह उलटं धरतात. इथेच गाडी घसरते.

स्वतः करून बघा. डायपाय या पायथन लायब्ररीसोबत मिळणारा स्टॅनफर्डचा डेटा घ्या. त्यात १६० व्हॉल्यूम (अख्ख्या मेंदूच्या प्रतिमा) आहेत. सगळे एकदम फ्लोट-६४मध्ये उघडले तर ८३५ एमबी रॅम जाते, तेव्हा ८ जीबीच्या लॅपटॉपवर जपून. बीव्हेकमधल्या एक्सच्या सगळ्या किमतींचं चिन्ह मुद्दाम उलटं करा आणि टेन्सर बसवा. एफएचा (पाण्याचं पसरणं किती एकदिशी आहे त्याचा) नकाशा जसाच्या तसा येतो, कारण आयगेनव्हॅल्यू बदलतच नाहीत. मुख्य दिशेनुसार रंगवलेला नकाशाही तोच, कारण रंग देताना चिन्ह टाकून देतात. आता प्रत्येक व्हॉक्सेलवर मुख्य दिशेची काडी काढा. मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या टोकाला मधोमध काड्या अजूनही बरोबर, डावी-उजवीकडे. पण तंतू जिथे पुढे कपाळाकडे वळतात, तिथे काड्या वळणाला आडव्या. ट्रॅक्टोग्राफी (काड्यांना धरून तंतूंचे मार्ग काढणं) तिथेच तुटते. आकड्यांच्या सगळ्या टेस्ट पास होऊनही हा दोष राहतो, म्हणून आमच्याकडे काड्यांचं चित्र बघितल्याशिवाय कुणाचाही कोड मर्ज होत नाही. पेशंट हलल्याची दुरुस्ती करताना इमेज फिरवलीत तर बीव्हेकही फिरवा, हेही त्यातच आलं. आणि डीनॉइझिंग सगळ्यांत आधी. एकदा इंटरपोलेशन झालं, म्हणजे इमेज फिरवताना किमती नव्याने अंदाजल्या, की नॉइज मूळ स्वरूपात राहत नाही.

स्कॅन रूममध्ये बसायची संधी मिळाली तर सोडू नका. परळच्या एका रुग्णालयात काही व्हॉल्यूममध्ये डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात काळे डाग येत होते. आम्ही पेशंट हलला असं धरून चाललो होतो. तिथले टेक्निशियन म्हणाले, "अहो मॅडम, पेशंट नाही, टेबल थरथरतंय. हात लावून बघा." डाग असलेल्या व्हॉल्यूमचे ग्रेडियंट खरंच डावी-उजवीच्या दिशेचे निघाले, म्हणजे थरथर त्यांचीच.

टेन्सरवर मात्र फार जीव लावू नका. दादरच्या पुलावरच्या गर्दीची सरासरी दिशा काढली, तर त्या दिशेला कुणीच जात नसतं. तंतू एकमेकांना छेदतात तिथे टेन्सरचं तसंच होतं. पुढच्या मॉडेलांसाठी एमआरट्रिक्स हे सॉफ्टवेअर शिका. पण २०१७मध्ये छापलेल्या एका स्पर्धेत २० गटांच्या ट्रॅक्टोग्राफीची तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांना तंतूंच्या खऱ्या जुड्या सापडल्या होत्या आणि खोट्या त्याहून कितीतरी जास्त. सर्जनला चित्र दाखवताना हे सांगायचं असतं.

नोकरीचं म्हणाल तर स्कॅनर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची डेव्हलपमेंट सेंटरं बंगळुरूला आहेत. मुंबईत पवईची आयआयटी, रुग्णालयांतले संशोधन प्रकल्प आणि छोट्या कंपन्या. इंटरव्ह्यूला येताना सर्टिफिकेटांची फाइल नको, एखाद्या खुल्या डेटावर काढलेल्या काड्या आणा. रुग्णाचा डेटा मात्र लॅपटॉपवर घेऊन येऊ नका, नाव काढलेलं असलं तरी. डोक्याची रचना दाखवणाऱ्या टी-वन स्कॅनवरून चेहरा परत उभा करता येतो.