दोन अंकी संख्यांसाठी काड्यांचे गठ्ठे

पहिली-दुसरीतील मूल ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. त्याच्या कानावर ‘तीस’ पडलेले असते आणि ‘तिसाला एक कमी’ हा त्या शब्दातला अर्थ त्याला कोणी प्रत्यक्ष दाखवलेला नसतो. शिवाय ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून ५२ चे २५ होणेही स्वाभाविकच आहे. पुण्याच्या बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची जोड दिली, ती याच अडचणीमुळे.

शालेय साहित्याच्या दुकानातून (पुण्यात अप्पा बळवंत चौकातून) आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणि रबरबँड आणावेत. नाहीतर घरच्या खराट्याच्या काड्या बोटाएवढ्या कापून त्यांची टोके घासून घ्यावीत. दहा काड्या मोजून रबर मुलानेच लावावे. तयार गठ्ठा हाती दिला, तर दहा सुट्यांचा एक दशक कसा झाला हे त्याला उमगत नाही, म्हणून येथे घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. मग तीन गठ्ठे मांडावेत, एकाचे रबर मुलाला सोडायला लावून एक काडी बाजूला काढून घ्यावी आणि विचारावे, “आता किती राहिल्या?” दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या समोर असताना ‘एकोणतीस’ म्हणावे, आणि त्यानंतरच पाटीवर २९ लिहायला सांगावे. रोज दहा मिनिटे पुरतात. घरात धाकटे भावंड असल्यास रबरबँड मोजून परत ठेवावेत.