भाडोत्री सैनिक लिहायचाय? आधी त्याचा पगार ठरवा

विज्ञानकथा लिहू लागलेल्या मुलामुलींच्या वह्या माझ्याकडे वाचायला येतात. पणजीहून, फोंड्याहून, वाळपईहून, कधी सावंतवाडीहूनही. बहुतेक वह्यांत एक भाडोत्री सैनिक असतो. जुनाट यान, गालावर व्रण, कुठल्याच साम्राज्याशी इमान नाही, पैसे देईल त्याच्यासाठी लढणारा. हा माणूस मला मनापासून आवडतो. माझी स्वतःची कादंबरी अशाच एका टोळीवर आहे. म्हणूनच सांगते, तो लिहायला सोपा वाटतो आणि अर्ध्या वाटेवर भल्याभल्यांना रडवतो.

यानं प्रकाशापेक्षा वेगाने जातात की नाही, कुठल्या ग्रहावर कोण राहतं, गादीवर कोण बसलंय, हे तुम्ही ठरवलेलं असेलच. त्यात मी पडत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. त्या माणसाला पगार कोण देतं, कधी देतं, कशात देतं, आणि दिला नाही तर तो काय करतो?

हे आधी ठरवलं नाही तर काय होतं ते ऐका. सुरुवातीच्या प्रकरणांत चकमकी होतात, त्या छान जमतात. मग एका ठिकाणी सैनिकाला जीव धोक्यात घालायची वेळ येते आणि त्याने तो का घालावा याचं उत्तर तुमच्याकडे नसतं. मग तुम्ही त्याला एक मेलेली बहीण देता. किंवा राजकन्या. किंवा भविष्यवाणी. तिथून पुढे तो भाडोत्री राहतच नाही, नेहमीचा तारणहार होतो, आणि तुमची कथा तुम्हालाच वाचवेनाशी होते. माझी कादंबरी याच जागी बंद पडली आणि बराच काळ तशीच पडून राहिली. लिहिणं हे आपलं कामच नाही असं तेव्हा रोज वाटायचं. तुम्हालाही तसं वाटत असेल तर वही फाडू नका. तुमच्यात काही कमी नाही, हिशेब मांडायचा राहिलाय.

मला वाट सापडली ती मामामुळे. मामा तारवटी, परदेशी मालवाहू जहाजांवर आयुष्य गेलं. त्याने पगाराचे कागद जपून ठेवले होते. वर मूळ पगार, मग ओव्हरटाइम, रजेचा पगार. खाली वजावट: घरी पाठवलेली अलॉटमेंट, जहाजावर रोख उचललेले डॉलर, जहाजावरच्या दुकानातून घेतलेला साबण, सिगारेटी, फोनकार्डं. सगळ्यात शेवटी शिल्लक. एका जहाजाच्या कागदांवर ती शिल्लक महिन्यागणिक फुगत गेलेली दिसते, कारण मालकाने पैसे देणंच बंद केलं होतं. जहाज परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. मी विचारलं, "मग तुम्ही सगळे उतरून घरी का नाही आलात?" मामा म्हणाला, "उतरलो तर अडकलेले पैसे कोण देणार, बाय?"

त्या उत्तराने माझा नायक मुळापासून बदलला. आपण धरून चालतो की भाडोत्री माणूस पैसे मिळतात तोवर लढतो आणि थांबले की निघून जातो. खरं म्हणजे ज्याचा हिशेब चुकता झाला तो मोकळा असतो. ज्याची थकबाकी आहे तो अडकतो, कारण आज सोडून गेला तर आजवरचं सगळं बुडालं. तो लढत राहतो, वैतागतो, मालकाचा द्वेष करतो, तरी त्याच्याच दारात उभा असतो. यात मेलेल्या बहिणीची गरजच पडत नाही. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निदान दोन महिन्यांचा पगार थकला की मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. तुमच्या आकाशगंगेत असा काही नियम आहे का? असेल तर दाद कुणाकडे मागायची? नसेल तर कथा आणखी कडक होते.

इतिहासात याचे दाखले ढिगाने आहेत. अठराव्या शतकात मराठी फौजांचे पगार तुंबणं नेहमीचं होतं. शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरून बसत. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कट कुणाचा होता हे आपण शाळेपासून ऐकत आलोय, पण गारदी, म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई, आत शिरले ते थकलेल्या पगाराचा तगादा घेऊन. इ.स.पू. 241 मध्ये रोमशी चाललेलं युद्ध संपल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजने आपल्या भाडोत्री फौजेचा ठरलेला पगार कापायचा घाट घातला, आणि त्यातून पेटलेलं युद्ध इ.स.पू. 237 पर्यंत चाललं. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटलं. सम्राटाचा तसा हुकूम नव्हता. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. हुकूम नसताना एक अख्खं शहर लुटलं गेलं, कारण फौजेला हुकूम देण्याचा अधिकारच पगाराबरोबर संपला होता. अंतराळातल्या कादंबरीला याहून चांगला मध्यबिंदू मला तरी माहीत नाही.

आता यान कुणाचं ते ठरवा. मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगीराचा सरकारी. शिलेदाराला मान जास्त, पैसाही जास्त, पण घोडा मेला की रोजी गेली. म्हणून तो घोड्याला जपायचा, वेड्यासारखा अंगावर जायचा नाही. तुमच्या नायकाचं यान स्वतःचं असेल तर यानाच्या बाबतीत तो भित्राच हवा. वहीतला नायक स्वतःचं यान सरळ शत्रूच्या तोफांवर घालतो तेव्हा मी समासात लिहिते, "उद्या काय चालवणार?" चौदाव्या-पंधराव्या शतकात इटलीतली नगरराज्यं भाडोत्री सरदारांशी लेखी करार करत. स्वार किती, मुदत किती, मुदत संपल्यावर आणखी किती काळ थांबवून घ्यायचं, सगळं त्यात असे. घोड्यांची रंग आणि खुणांसह नोंद होई आणि लढाईत मेलेल्या घोड्याची भरपाई मिळे. असं कलम असलेली टोळी वेगळी लढते, नसलेली वेगळी. करार आधी लिहा, मग लढाई.

आणि तो कागदावर लिहाच. मनात ठरलंय म्हणू नका. विशेषतः कुठवर पाठवता येईल ते कलम. 1895 मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या शिपायांना मोझांबिकला पाठवायचं ठरवलं, त्यांनी नकार दिला आणि सत्तरीत नाणूसला गेले. तिथले जमीनदार राणे त्यांना मिळाले. ते शिपाई भाडोत्री नव्हते, सरकारी चाकरीत होते, पण "आम्ही इतक्या लांब जाणार नाही" हा वाद कुठल्याही फौजेत पेटू शकतो.

गोव्यात राहून हे लिहिणाऱ्यांना एक मोठा फायदा आहे, तो सोडू नका. सोळाव्या-सतराव्या शतकात लिस्बनहून इथे जहाज यायला सुमारे सहा महिने लागत, आणि उत्तर परत पाठवायला पुन्हा वाऱ्याची वाट बघायची. पावसाळ्यात आरमार बाहेर पडत नसे, आणि आरमार नाही तर साध्या शिपायाच्या हातात पगारही नाही. असे रिकामे शिपाई ओल्ड गोव्यात बड्या फिदाल्गोंच्या, म्हणजे पोर्तुगीज उमरावांच्या, पंक्तीला जेवत आणि त्यांच्या भांडणांत त्यांच्या बाजूने उभे राहत. काही जण सरळ खाडी ओलांडून आदिलशाहीच्या चाकरीत गेले. आता आकाशाकडे बघा. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा सव्वाचार वर्षं. तुमच्या जगात संदेश प्रकाशाच्याच वेगाने जात असतील, तर करार रद्द झाल्याची बातमी तिथल्या फौजेला सव्वाचार वर्षांनी कळेल. मधली वर्षं ती माणसं कुणासाठी लढली? त्या वर्षांचा पगार कोण देणार? माझी अडकलेली कादंबरी या दोन प्रश्नांवर पुन्हा सुरू झाली.

पकडल्या गेलेल्या सैनिकाचं काय, हेही ठरवा. 1977 च्या जिनिव्हा पूरक कराराच्या 47 व्या कलमानुसार भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क मिळत नाही. त्याच कलमातली व्याख्या वाचा. स्वतःच्या फायद्यासाठी लढणं, त्याच हुद्द्याच्या सैनिकापेक्षा कितीतरी जास्त मोबदला, युद्धातल्या कुठल्याच बाजूचा नागरिक नसणं, अशा अटी एकत्र लागतात. तुमचा नायक त्यात बसतो का बघा.

सोप्या वाटांबद्दल माझं मत कडक आहे. सगळ्या आकाशगंगेत एकच चलन ठेवू नका. ती सोय लेखकाची असते, कथेची नाही. महादजी शिंद्यांनी आपल्या चाकरीतल्या डी बॉईन या युरोपीय सेनापतीच्या पलटणींच्या खर्चासाठी दोआबातला मुलूख लावून दिला आणि त्या पलटणींचा पगार वेळेवर होऊ लागला. पगाराऐवजी मुलूख मिळालेला सरदार हळूहळू स्वतःच सरकार होतो, आणि रोख मोजून दिली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. नावं, ग्रह, घराणी यंत्राकडून काढून घेऊ नका. मराठीत तनखा, रोजमुरा, नालबंदी असे फौजेच्या पगार-उचलीचे, वापरून गुळगुळीत झालेले शब्द पडून आहेत. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून पेशवेकालीन पत्रं मिळतील तेवढी वाचा. पैशाची तक्रार पानोपानी सापडेल.

गुरूंचंही तेच. आधी अख्ख्या आकाशगंगेचा नकाशा काढा असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. वर्ष जाईल आणि हाती नकाशाच राहील. "याचे पैसे कुठून आले?" असं विचारणारा माणूस शोधा. तो लेखक असायला हवा असं नाही. पतसंस्थेतली कारकून बाई चालेल, बार्जवर हिशेब ठेवणारा चालेल. माझ्या पहिल्या वाचकाने आयुष्यात एकही विज्ञानकथा वाचली नव्हती आणि त्याच्याइतका उपयोग मला कुणाचाच झाला नाही.

आता अडकला असाल तर लढाई बाजूला ठेवा आणि करार संपल्यानंतरचा पहिला दिवस लिहा. टोळीतला प्रत्येक जण खजिनदाराच्या टेबलापुढे येतो. किती ठरले होते, किती उचल घेतली, मेलेल्यांचा वाटा कुणाच्या हाती द्यायचा, कुणाच्या नावावर उलट बाकी निघते. प्रत्येकाला चार ओळी द्या. आणि ज्याची बाकी सर्वांत मोठी आहे, त्याला मालकाकडून दुसऱ्या मोहिमेचा निरोप आणून द्या.