खुनी नंतर शोधा, आधी त्या मजल्यावर कोण काय लपवतंय ते शोधा

महिन्यातून दोन-चार जण तरी मला विचारतात की क्राइम कादंबरी लिहायचीय, सुरुवात कुठून करू. बहुतेकांकडे खून तयारच असतो. विष कुठलं, दार आतून बंद कसं राहिलं, सीसीटीव्ही कसा चुकवला, सगळं पाठ. मी एकच विचारते, त्या मजल्यावर अजून कोण राहतं आणि ते पोलिसांना काय सांगणार नाहीत? इथे गप्प होतात. पण कादंबरी तिथेच असते हो, कारण खून एक माणूस करतो आणि खोटं सगळा मजला बोलतो, तेही खुनासाठी नाही, स्वतःच्या लाजेसाठी.

एक उदाहरण घेऊ. लालबागची चाळ, १० बाय १२च्या खोल्या, समोर कॉमन गॅलरी. सकाळी अकराच्या सुमाराला एका खोलीत खून झालाय. सात नंबरचे काका सांगतात मी ऑफिसला होतो. खरं तर त्यांची कंपनी सहा महिन्यांपूर्वी बंद पडलीय, रोज डबा घेऊन निघतात, लायब्ररीत नाहीतर बागेत बसतात, संध्याकाळच्या नेहमीच्या लोकलने परत येतात, बायकोला पत्ता नाही. त्या दिवशी पाऊस होता म्हणून ते जिन्याखाली थांबले आणि वर जाणारा माणूस त्यांनी बघितला. आता ते हे सांगणार कसं? चार नंबरची बाई म्हणते मी काही ऐकलं नाही. तिने ऐकलं होतं, पण तिला वाटलं आपलाच मुलगा पिऊन भांडतोय, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चाललीयत. बघा, खुनी अजून आलाच नाही आणि दोन प्रकरणं उभी राहिली.

तर करायचं असं की एक मोठा कागद घ्या, प्रत्येक पात्रासमोर तीन रकाने पाडा: त्या वेळी ते खरंच काय करत होतं, पोलिसांना काय सांगितलं, आणि तसं का सांगितलं. तिसरा रकाना भरला नाही तर ते पात्र काढून टाका, मी तर आवडलेली पात्रंसुद्धा काढलीयत. आणि ‘का’मध्ये पैसा आणि सूड सोडून काहीतरी सापडेपर्यंत थांबा, कर्ज, आजार, दुसऱ्या जातीतलं प्रेम, नापास झालेलं वर्ष, मुंबईत लपवायला जागा कमी आणि कारणं खूप.

ही कारणं घरी बसून सुचत नाहीत. कोर्टात जाऊन बसा. आपल्याकडे खटले सहसा खुल्या कोर्टात चालतात, काही नाजूक केसेस सोडल्या तर कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं, मोबाइल सायलेंट ठेवायचा आणि रेकॉर्डिंग अजिबात करायचं नाही. मी फोर्टच्या सेशन्स कोर्टात बरेच दिवस बसले. एकदा बाहेरच्या बाकावर आरोपीची आई कापडी पिशवीत डबा घेऊन बसायला जागा शोधत होती आणि मेलेल्या मुलाचा भाऊ जरा सरकला, तिला जागा करून दिली, दोघंही एकमेकांकडे न बघता तासभर तसेच शेजारी बसले होते. आरोपीला आणलं तेव्हा ती पुढे जाऊन एवढंच म्हणाली, जेवलास का. पोलिसाने तिला हळूच बाजूला केलं, ओरडला वगैरे नाही. मला हे कधी सुचलंच नसतं, आणि हो, त्या लोकांना मी कुठल्याही कादंबरीत टाकलेलं नाही. खऱ्या केसमधून माणूस उचलू नका, त्याचे घरचे अजून त्याच गल्लीत राहत असतात. सरकून जागा देणं घ्या, तेवढं पुरतं.

आता पोलिसी कामाचं. इथे आळस केला की वाचक पुस्तक मिटतो. सगळ्यात पहिलं, तुमचा गुन्हा कुठल्या तारखेला घडला ते ठरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तेव्हा त्या तारखेपासूनचा खून कलम १०३ खाली येतो, त्याआधीचा जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०२ खालीच चालतो. तोंडात अजून तीनशे दोनच बसलंय, त्यामुळे संवादात जुना हवालदार ‘तीनशे दोन’ म्हणाला तर चालेल, पण एफआयआरच्या कागदावर नको. दुसरं, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरसमोर आरोपी रडत सगळं सांगतो आणि केस संपते हे विसरा. पण त्याने सांगितलं की चाकू अमुक गटारात टाकलाय आणि पंचांसमोर, म्हणजे पोलिसांनी साक्षीला घेतलेल्या बाहेरच्या माणसांसमोर, तो तिथे सापडला, तर तेवढा भाग चालतो, याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात, आणि माझ्या मते आपल्या कादंबरीकारांनी यातून जेवढं नाट्य काढायला हवं तेवढं काढलेलं नाही. ते पंच कोण असतात? समोरचा पानवाला, रिक्षावाला, असाच कोणीतरी ज्याला त्या दिवशी कामावर जायचं होतं. त्याची धंद्याची काळजी लिहा. पूर्वी पंच फितूर झाला की केस ढिली व्हायची, आता नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, तेव्हा जुनी युक्ती तशीच वापरू नका.

माझ्या पहिल्या कादंबरीत मी मोठी चूक केली होती. दादर-माटुंगा दरम्यान रुळांवर बॉडी सापडते आणि सुरुवातीपासून सगळा तपास शहर पोलिसांचं ठाणं करतं, असं मी लिहिलं होतं. पुस्तक आल्यावर लोहमार्ग पोलिसातून रिटायर झालेल्या एका हवालदारकाकांचा फोन आला, म्हणाले ताई पुस्तक चांगलंय पण ती बॉडी आमची होती. रुळांवर माणूस मेला की आधी रेल्वे पोलीस येतात, अपमृत्यूची नोंद होते, घातपात आहे की अपघात ते नंतर. मला इतकं वाईट वाटलं की मी दुसऱ्याच दिवशी त्यांना भेटायला डोंबिवलीला गेले. चार तास बोलले ते. कायद्याचं कमी, जास्त त्या फोनचं, म्हणजे मेलेल्या माणसाच्या खिशातल्या मोबाइलवर ‘घर’ नावाने कॉल येत राहतो तो कोणी उचलायचा यावरून ड्युटीवरची माणसं एकमेकांकडे कशी बघायची ते. तेव्हापासून माझं प्रत्येक हस्तलिखित प्रकाशकाआधी त्यांच्याकडे जातं. तुम्हीही असा एक माणूस शोधा, रिटायर झालेल्या लोकांना कोणी विचारत नाही, त्यांच्याकडे वेळ असतो आणि ते मनापासून सांगतात.

छापण्याबद्दल थोडक्यात. पहिल्यांदा कथा लिहा आणि दिवाळी अंकांना पाठवा, १९०९च्या ‘मनोरंजन’पासून मराठीत दिवाळी अंकांची ही वाट आहे आणि नव्या लेखकाला संपादक अजूनही तिथेच भेटतो, फक्त गणपतीपर्यंत थांबू नका, उन्हाळ्यातच पाठवा. कादंबरी देताना करार लेखी करा. माझ्या पहिल्या प्रकाशकाशी सगळं तोंडी झालं होतं, चहा, पेढे, शब्द. चार वर्षं विक्रीचा हिशोब आला नाही, फोन केला की पुढच्या महिन्यात. शेवटी एका वकीलबाईंनी सांगितलं की कॉपीराइट लेखी सही केल्याशिवाय दुसऱ्याकडे जातच नाही, पुस्तक तुझंच आहे, आणि मी ते दुसरीकडे दिलं. सही करताना मुदत आणि प्रदेश लिहिलेला आहे का बघा, कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ऑडिओबुक आणि वेब सिरीजचे हक्क वेगळे लिहून घ्या, एका ओळीत ‘सर्व हक्क’ असं असेल तर तिथेच थांबा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणि प्रूफ मोठ्याने वाचा. घरच्यांना त्रास होतो पण खोटा संवाद कानालाच कळतो.

आत्ता माझी नवीन कादंबरी त्या हवालदारकाकांकडे आहे. काल फोन आला, म्हणाले सगळं बरोबर आहे, पण पान एकशे बारावर ती आई स्टेशनवर येते आणि लगेच रडते, तसं होत नाही ताई, ती आधी विचारते, त्याची बॅग कुठंय. मी ते पान परत लिहायला घेतलंय.