अभियांत्रिकी कॅप: प्रवेशाचा अंदाज पर्सेंटाइलवर नको, मेरिट नंबरवर बांधा

अभियांत्रिकीचे प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतात. त्यासाठी सीईटी या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल (किती टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा) गेल्या वर्षीच्या कटऑफशी जुळवून ‘सीओईपी (पुण्याचं नामांकित अभियांत्रिकी कॉलेज) मिळेल’ असं ठरवणं धोक्याचं आहे. परीक्षार्थी वाढले की त्याच पर्सेंटाइलला मेरिट नंबर (गुणवत्ता यादीतला क्रमांक) मागे सरकतो, जागा मात्र त्या प्रमाणात वाढतातच असं नाही. म्हणून गुणवत्ता यादी लागल्यावर आपला राज्य मेरिट नंबर घ्या. परीक्षा आणि प्रवेश पाहणाऱ्या सीईटी सेलच्या कटऑफ पीडीएफमध्ये कंसातल्या पर्सेंटाइलआधी जो आकडा छापलेला असतो, तोच प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा मेरिट नंबर. तुलना त्याच्याशी करा.

पण रकाना नीट पाहा. इथेच सर्वाधिक चुका होतात. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण (फक्त मुलींसाठी नसलेली जागा), ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटचं अक्षर ‘एच’ असेल तर गृह विद्यापीठ (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे, तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी), ‘ओ’ बाहेरचं विद्यापीठ, ‘एस’ राज्य पातळी. पुणे विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलाने नागपूरच्या कॉलेजचा ‘एच’ रकाना पाहून उपयोग नाही.

किमान दोन वर्षांच्या सगळ्या फेऱ्या पाहा. पहिल्या फेरीतल्या आकड्याच्या बरेच आत असाल तर जागा बऱ्यापैकी सुरक्षित. फक्त शेवटच्या फेरीत बसत असाल तर तिच्या भरवशावर राहू नका. मोजक्या रिकाम्या जागांमुळे तो आकडा कधी पुढे, कधी मागे उडी मारतो.

पसंतीक्रमाच्या यादीत अवघड वाटणारे पर्याय वर लिहायला कचरू नका, त्याने खालच्यांची संधी घटत नाही. मात्र पहिल्या क्रमांकावर मनापासून हवं तेच कॉलेज आणि तीच शाखा टाका. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होत होता, पुढच्या फेऱ्या बंद.