मुलग्यांच्या उन्हाळी शिबिरात वयोगट कसे पाडावेत आणि जबाबदारी कशी वाढवावी

निवासी शिबिराचे नियोजन बहुतेक संयोजक दिनक्रमापासून सुरू करतात. माझ्या मते आधी वयोगट ठरवावेत आणि कोणत्या गटाने कशाची काळजी घ्यायची हे लिहून काढावे. दिनक्रम मग बराचसा त्यातूनच आकार घेतो. ७ ते ९, १० ते १२, १३ ते १४ आणि १५ ते १६ वर्षे असे चार गट सोयीचे पडतात. जबाबदारी आधी स्वतःची, मग वस्तूंची, मग सर्वांच्या कामाची आणि शेवटी दुसऱ्या मुलाची, या क्रमाने सोपवावी.

सर्वांत लहान गटाला अंथरुणाची घडी, ओले कपडे वाळत घालणे, स्वतःची बाटली भरणे आणि हजेरीला वेळेवर येणे एवढे पुरेसे आहे. मोठ्यांनी काम एकदा करून दाखवावे व नंतर शेजारी थांबावे; घाई झाली म्हणून मुलाच्या हातातून ते काढून घेण्याचा मोह मात्र आवरावा. १० ते १२ वर्षांच्या मुलांकडे सामायिक वस्तू द्याव्यात. दोर, चेंडू आणि तंबूचे खुंटे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, हे काम त्यांना आवडतेही. ते जोडीने करावे आणि पाळीचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावावा.

खरी कसोटी १३ ते १४ वर्षांच्या गटाची असते. मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारणपणे ९ ते १४ या वर्षांदरम्यान होते, त्यामुळे या गटात एकाला मिसरूड फुटलेली असते तर दुसरा अजून लहानच दिसतो, आणि नकळत उंच मुलाकडे जास्त काम जाते. उंचीवरून जबाबदारी ठरवू नये. या मुलांना लहानांचे खेळ पोरकट वाटतात, पण नेतृत्व अजून हाती आलेले नसते. शिबिरातील बरीच कुरबुर इथेच उगम पावते. म्हणून त्यांना सुटी हलकी कामे न देता एक संपूर्ण काम द्यावे. उदाहरणार्थ, पदभ्रमणाचा मार्ग नकाशावर आखणे, लागणारा वेळ व पाणी यांचा हिशेब करणे आणि सर्वांत मागे कोण चालेल हे ठरवणे. निघण्यापूर्वी प्रौढाने ही योजना तपासलीच पाहिजे, कारण तिथली चूक धोक्याची ठरू शकते. शेकोटीचा कार्यक्रम रटाळ झाला, तर मात्र मध्ये पडण्याचे काही कारण नाही.

स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरात मुलांचे चार संघ करून प्रत्येकाचे नायकत्व एका मुलाकडेच दिले होते. पुढे धाकट्या मुलांनाही स्काउट व्हावेसे वाटू लागले, तेव्हा त्यांना मोठ्यांच्या संघांत न घालता १९१६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी शाखा सुरू झाली. नायकाला खरे अधिकार आणि लहानांना स्वतंत्र जागा, या दोन्ही गोष्टी आजही एकत्रच लागतात.

१५ ते १६ वर्षांचा मुलगा लहान गटाचा ‘दादा’ होऊ शकतो, परंतु मर्यादा पहिल्याच दिवशी सांगाव्यात. त्याने खेळ घ्यावा, हजेरी घ्यावी, रात्री घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाची दखल घेऊन प्रौढाला बोलवावे. शिक्षा करणे, औषध देणे किंवा बंद जागेत एकट्या मुलासोबत थांबणे त्याच्या अखत्यारीत येत नाही. पोहण्याच्या वेळी जोड्यांची नोंद त्याने ठेवली तरी पाण्यावरची नजर प्रशिक्षित जीवरक्षकाचीच असावी. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांनुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या दर ६ मुलांमागे, ९ ते १४ वर्षांच्या दर ८ मुलांमागे आणि १५ ते १८ वर्षांच्या दर १० मुलांमागे किमान एक कार्यकर्ता लागतो. हा हिशेब करताना शिबिरार्थी ‘दादां’ना त्यात धरू नये.

एखाद्याने पाळी चुकवली, तर चारचौघांत बोलू नये. त्याला बाजूला घेऊन नेमके काय राहिले ते विचारावे, एका दिवसासाठी काम एक पायरी सोपे करावे आणि दुसऱ्या दिवशी तेच मूळ काम पुन्हा त्याच्याकडे सोपवावे.