भरलेला ट्रेलर घेऊन पहिल्यांदा कसारा घाट चढताना

मी न्हावा शेव्यावरून सिन्नरकडं कंटेनर ओढतो. आधी चार वर्षं क्लिनर होतो, मग हेवी लायसन्स काढलं. गाडीवर नवीन पोरं येतात ती पहिला प्रश्न हाच विचारतात, उस्ताद, घाटात गाडी थांबली तर? प्रश्न बरोबर आहे, पण गाडी थांबणार की नाही हे घाटाच्या खालीच ठरलेलं असतं.

कसारा ते इगतपुरी उंचीचा फरक जवळपास ३०० मीटर. शेजारच्या रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर, आणि तेवढ्यासाठीसुद्धा कसाऱ्याला ट्रेनच्या मागं जादा इंजिनं जोडतात. आपल्याला मागून ढकलणारं कोणी नाही. माझी गाडी १८० हॉर्सपॉवरची, मालासकट ३९ टन. एकदा नीट हिशोब केला तर कळलं की एवढं वजन नुसतं ३०० मीटर वर उचलायला इंजिन पूर्ण ताकदीनं चाललं तरी चौदा-पंधरा मिनिटं लागतातच, त्यात टायरचं घर्षण, वळणं, पुढची गाडी धरली की अर्धा तास सहज जातो. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवू दे, हा वेळ कमी होत नाही. डाव्या लेनमध्ये राहा आणि चढू द्या तिला.

म्हणून चढ लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबल्याशिवाय गाडी चढते, एक्सलेटर थोडा शिल्लक राहतो, तोच बरोबर गिअर. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा.

माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी मी वरच्या गिअरमध्ये घुसलो, वाटलं रेटून नेऊ. वळणावर आरपीएम पडला, मी गिअर कमी करायला क्लच दाबला आणि खालचा गिअर पडलाच नाही. सपाटीवर दोन सेकंद काही वाटत नाहीत, चढावर भरलेली गाडी तेवढ्यात जागेवर येते. गाडी उभी राहिली, मागं एसटी. मी घाबरून अर्ध्या क्लचवर धरून ठेवली, केबिनमध्ये जळका वास आला, क्लच प्लेट गेली. मालकाचा खर्च झाला तो झाला, पण एसटीत माणसं होती हे अजून डोक्यातून जात नाही.

तर थांबलीच, तर आधी हँडब्रेक, मग चारी इंडिकेटर. क्लिनरनं चाकामागं उटी, म्हणजे गाडी मागं सरकू नये म्हणून ठोकळा लावायचा, पण गाडीच्या मागं उभं राहायचं नाही, बाजूनं लावायची. मागं लांबवर त्रिकोण. ब्रेकच्या हवेचा काटा पूर्ण भरू द्या, त्याशिवाय हलायचं नाही. मग सगळ्यात खालचा गिअर, थोडी रेस, क्लच हळू सोडत आणायचा, गाडीनं ओढ घेतली, पुढून उचलल्यासारखी वाटली की हँडब्रेक सोडायचा आणि पाय क्लचवरून पूर्ण काढायचा.

टेंपरेचरचा काटा वर चालला तर एसी बंद, अजून एक गिअर खाली. तरीही चढत राहिला तर जागा बघून बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं स्लोवर चालू ठेवा म्हणजे टर्बो, इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, थंड होतो. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, एका क्लिनरचा हात भाजलेला मी पाहिलाय.

पावसात उलटी गंमत असते, रिकामा ट्रेलर जास्त त्रास देतो कारण ओढणाऱ्या चाकांवर वजनच नसतं आणि ती जागेवर फिरतात. तेव्हा एक्सलेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. वळणावर ट्रेलरचा मागचा भाग आत कापतो, वळणाच्या आतल्या बाजूच्या आरशात बघतच राहा, धुक्यात बाईकवाला तिथंच घुसलेला असतो.

जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झालाय, कसाऱ्याजवळ पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, पण टोल वाचवायला बरेच मालक अजून घाटानंच पाठवतात.

आणि एक. उटी नसली की आपण रस्त्यातला दगड लावतो आणि गाडी हलली की तसाच सोडून जातो. क्लिनरला आधीच सांगून ठेवा, तो दगड उचलून कठड्याच्या बाजूला टाकायचा आणि मगच गाडीत चढायचं. रात्री तोच दगड कोणाच्या तरी बाईकच्या पुढच्या चाकाखाली येतो.