‘दुःखद निधन’ लिहिताय? मग या चुका टाळा

सोलापुरात घरात कुणी गेलं की दोन-तीन तासांत मजकूर लिहावा लागतो. एक व्हॉट्सॲपवर, एक फ्लेक्सवाल्याकडे, एक पेपरातल्या निधनवार्तेसाठी. घरचे लिहिण्याच्या अवस्थेत नसतात, म्हणून हे काम गल्लीतल्या एखाद्या शिकलेल्या पोरावर येतं. तो मागचा कुणाचा तरी मेसेज उचलतो आणि नाव बदलतो. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या फलकावर ‘अल्पशा आजाराने’ येतं ते असं. चौकात त्या माणसाच्या नावाने लागणारा तो शेवटचा मजकूर असतो. तो नीटच असला पाहिजे.

‘त्यांचा निधन झाला’

आपल्याकडची सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे दखनी; मराठी लिहिताना हिंदीतलं ‘उनका निधन’ डोक्यात असतं आणि त्याचं ‘त्यांचा निधन’ होतं. मराठीत निधन नपुंसकलिंगी आणि मृत्यू पुल्लिंगी. म्हणून:

चूक: आमच्या आईचा आज पहाटे दुःखद निधन झाला.
बरोबर: आमच्या आईचे आज पहाटे निधन झाले.

‘दुःखद’ मी मुद्दाम गाळलं. आईचं जाणं दुःखद आहे हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. ठेवायचंच असेल तर विसर्गासकट ठेवा. ‘श्रध्दांजली’ नको, ‘श्रद्धांजली’ हवं. ‘शोकाकूल’ नव्हे, ‘शोकाकुल’.

‘नि-धन, म्हणजे धन गेलं’

शोकसभेत हमखास ऐकू येणारी ही फोड: माणूस हे आपलं धन, ते गेलं म्हणून निधन. भावना खरी आहे, व्युत्पत्ती मात्र चुकीची. असा गैरसमज व्हायला कारणही आहे. संस्कृतात एकाच रूपाचे दोन शब्द आहेत. एक ‘नि + धन’, म्हणजे गरीब. ‘मृच्छकटिक’ नाटकात दारिद्र्याला ‘निधनता’ म्हटलंय आणि ती सगळ्या आपत्तींचं घर आहे असं सांगितलंय, तो हा शब्द.

मृत्यूचा शब्द वेगळा. तो ‘नि + धा’ या धातूपासून आला, म्हणजे खाली ठेवणं, स्थिर करणं. त्याचे जुने अर्थ पाहा: वस्ती करण्याची जागा, ठेवण्याची जागा, कुळ, शेवट, आणि मग मरण. निधी आणि निधान हे याचेच भाऊबंद.

यातला सर्वात सुंदर अर्थ सामगानातला, म्हणजे सामवेदातल्या ऋचा गाण्याच्या पद्धतीतला. साम गाताना त्याचे भाग पडतात: हिंकार, प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार आणि शेवटी निधन. आधीचे भाग वाटून गायले जातात, प्रस्ताव एकाने, उद्गीथ दुसऱ्याने. निधनाला मात्र सगळे गायक एकत्र सूर लावतात. छांदोग्य उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात हे पाच भाग पावसावर बसवलेत. आधी सुटणारा वारा हा हिंकार, ढग जमतात तो प्रस्ताव, पाऊस पडतो तो उद्गीथ, विजा आणि गडगडाट हा प्रतिहार, आणि पाऊस आवरतो ते निधन. पावसाची वाट बघण्यात निम्मा हंगाम घालवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे वाचताना मी नेहमी थांबतो. शोकसभेत शब्दाची फोड सांगायचीच असेल तर ही सांगा.

गीतेतल्या ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ मध्येही धनाचा संबंध नाही. तिथे सरळ मरण असाच अर्थ आहे.

सगळ्यांना एकच शब्द

लिंगायत घरात ‘कै.’ लिहू नका. कैलासात राहायला जाणं ही तिथली मरणाची कल्पना नाही. जीव लिंगाशी एकरूप होतो, म्हणून ‘लिंगैक्य’. बऱ्याच फलकांवर ‘लिंगेक्य’ असतं, ते चूक. ‘लिंगैक्य अमुक यांचे निधन झाले’ हेही बरोबर नाही, एकाच वाक्यात दोनदा मरण येतं. ‘अमुक या लिंगैक्य झाल्या’ एवढं पुरे. आणि खाली ‘अग्निसंस्कार’ छापू नका, दफन असतं. शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, मरणाला ‘मरणवे महानवमी’ म्हटलं, म्हणजे मरण हाच सण. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांच्या बाबतीत तर आपण समाधीच म्हणतो, तलावातल्या मंदिरात जाणारं लहान पोरही तेच म्हणतं.

वारकरी घरात ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी. मुस्लिम घरात ‘इंतकाल’. त्याचा मूळ अरबी अर्थ एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं. तहसिलातून आपण काढतो त्या ‘नक्कल’चं मूळही तेच. शंका असेल तर घरच्यांना विचारा. त्या वेळी असं विचारलेलं कुणाला खटकत नाही.

१२ जानेवारीच्या फलकांवर मात्र ‘निधन’ अजिबात नको. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली. ते हौतात्म्य आहे. याउलट चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आजाराने गेले, म्हणून ‘त्यांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये निधन झाले’ हे वाक्य बरोबर आहे.

किरकोळ, पण त्रास देणाऱ्या

मोबाइलवर घाईत ‘निधन’चं ‘निधान’ होतं. निधान म्हणजे ठेवा. पाठवण्याआधी एकदा वाचा.

पत्रिकेत ‘निधनस्थानी शनी’ दिसला की घरं हादरतात. ते आठव्या स्थानाचं जुनं नाव आहे. त्याच स्थानाला आयुष्यस्थानही म्हणतात.

‘मयत’ हा शब्द पंचनाम्यात चालतो, घरच्या मजकुरात बोचतो.

‘मृत्यू’ एकटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व: मृत्युपत्र, मृत्युदाखला. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अर्जात निधन, देहावसान, लिंगैक्य यांतलं काही लिहू नका. तिथे मृत्यू, तारीख आणि ठिकाण एवढंच. नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा.